बाबा तिथे मावत नाहीत

१४ ऑक्टोबर

प्रिय भोपू,

अनेक आशीर्वाद. तू मजेत आहेस ना, हे मला विचारावं लागत नाही. आमच्या लॅबसमोरच्या भिंतीवर तुझं हसरं तोंड चिकटवलंय, दमट हवेने नाकापाशी जरा फुगलंय, एवढंच. मी रोज त्याच्याखाली उभी राहून बसची वाट बघते. मी ठीक आहे. आईचं पुढे लिहिते.

पत्र का, तर फोन तुझा तो मदतनीस उचलतो. मागच्या वेळी म्हणाला, "सर चिंतनात आहेत." मागून काहीतरी तळल्याचा आवाज येत होता. मेसेज केला की तुझ्याकडून उगवत्या सूर्याचं चित्र येतं. सूर्याशी माझं काही भांडण नाही, पण मी आईच्या औषधाबद्दल विचारलं होतं रे.

तर ऐक. आमच्या दातांच्या लॅबमध्ये नवं मशीन आलंय. आता प्रत्येक तोंडाचा प्लास्टरचा साचा करत बसावं लागत नाही, डॉक्टर स्कॅन पाठवतात आणि मशीन दाताची कॅप कोरून देतं. मालकांनी हौसेने स्वतःच बटणं दाबली आणि स्कॅन आरशातल्यासारखं उलटं झालं. डाव्या दाढेची कॅप उजव्या दाढेची होऊन बाहेर आली. तेच खड्डे, तेच उंचवटे, पण कशीही फिरवा, बसायला तयार नाही. मालक ती चिमटीत धरून म्हणाले, "बाई, ही तुमच्या भावाकडे पाठवा. चौथ्या दिशेतून एक गिरकी मारून आणतील, डावी होऊन येईल."

सगळे हसले. मीही हसले, कारण गणित म्हणून ते बरोबरच आहे, तूच मला कधीतरी शिकवलं होतंस: कागदाचा डावा पंजा टेबलावर कितीही फिरवला तरी डावाच, उचलून पालथा केला की उजवा. मग मालक गंभीर झाले. म्हणाले, "चेष्टा नाही करत हं. माझी बायको दर रविवारी ऐकते त्यांना. तिचा भाऊ गेल्यापासून झोप उडाली होती, आता शांत झोपते." आणि त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

भोपू, माझं अर्धं आयुष्य लोकांच्या तोंडाचे साचे हाताळण्यात गेलं. साच्यात जेवणाचे कण अडकलेले असतात, केस असतात, एकदा आख्खा दात निघाला होता. मला सहसा काही वाटत नाही. पण तुला बघून मळमळलं. तो पांढरा सदरा, तो मधात बुडवलेला आवाज! तू हात लांब केलास, हवेत एका जागी थांबवलास आणि म्हणालास, "ते गेलेले नाहीत. ते फक्त बाजूला झालेत. लांबी, रुंदी, उंची सोडून जी आणखी एक बाजू आहे, तिकडे." समोरची एक बाई हमसून रडायला लागली आणि तुझ्या कॅमेरावाल्याने कॅमेरा सरळ तिच्या तोंडावर नेला. शी! कसली ही थेरं? लाज कशी वाटत नाही तुला?

आता आईचं.

तिच्या पोटात गाठ आहे. मला हे फोनवर सांगायचं होतं, पण तू चिंतनात होतास. सर्जनबाई म्हणतात, साधी वाटतेय, पण बाहेर काढल्याशिवाय खात्री देता येत नाही, आणि वाढतेय. नऊ नोव्हेंबर तारीख दिलीय. त्यापुढे ढकललं तर आपली जबाबदारी नाही म्हणाल्या. आणि आई सही करायला तयार नाही.

का, तर तुझ्यामुळे. समोरच्या काकूने तिला तुझी सगळी व्याख्यानं ऐकवलीत. आई पलंगावर पाय पसरून मला सांगते, "भोपू म्हणतो, त्या बाजूने बघणाऱ्याला आपलं पोट झाकण काढलेल्या डब्यासारखं दिसतं. कातडीला धक्का न लावता आत हात घालता येतो. मग मी कशाला कापून घेऊ? तुझे बाबा आहेत की तिकडे. ते काढतील."

बाबा! ज्यांना स्वतःच्या पायातला काटा काढायला आई लागायची!

मी ओरडले, विनवण्या केल्या, शेजाऱ्यांना मध्ये घातलं. काही उपयोग नाही. शेवटी म्हणाली, "भोपूने इथे माझ्यासमोर बसून सांगावं की तिकडे कोणी नाही. मग करते ऑपरेशन." यापलीकडे एक शब्द नाही. तू जे लोकांना विकतोस ते खोटं आहे, एवढं आईला सांगायचंय. बस. तेवढ्यासाठी हे पत्र.

आणि तुला ते खोटं आहे हे माहीत नाही, असं मला सांगू नकोस. तुझा प्रबंध याच घरात, याच जेवणाच्या टेबलावर लिहून झालाय, आणि आम्हा तिघांना तो तोंडपाठ करायला लागला होता. जगाला जास्त दिशा असत्या तर तिथे जीव राहिला असता का? हाच होता ना विषय? आधी तू दोन दिशांचं सांगितलंस. कागदासारख्या चपट्या जगात प्राण्याला तोंडापासून खालपर्यंत आरपार नळी असली, तर तिच्यामुळे त्याचेच दोन तुकडे पडतील. बाबा हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "मग तिथले लोक खाल्लेलं करतात काय?" तू म्हणालास, "तोंडातूनच परत." आईने ताट बाजूला सारलं.

मग तू वाटी घेतलीस. सरळ वाटीत गोटी टाकलीस, बोटाने ढकललीस, ती डुलली आणि परत तळाशी आली. म्हणालास, ही आपली पृथ्वी. तीन दिशांच्या जगात सूर्यापासून दुप्पट लांब गेलं की ओढ चौथाई उरते, त्यामुळे धक्का बसला तरी ग्रह सावरतो. मग वाटी उपडी केलीस, गोटी तिच्या डोक्यावर ठेवलीस. ही चार दिशांतली पृथ्वी. तिथे दुप्पट अंतरावर ओढ आठवा भागच उरते. तू नुसती फुंकर मारलीस आणि गोटी घरंगळत फ्रिजखाली गेली. एक तर सूर्यात जाऊन पडायचं, नाही तर काळोखात कायमचं निघून जायचं, मध्ये टिकणं नाही. अणूंचंही तेच. अणू नाही म्हणजे पाणी नाही, पाणी नाही म्हणजे जीव नाही. "तिथे कोणी राहूच शकत नाही," तू म्हणालास, आणि बाबांनी खाली वाकून झाडूने गोटी काढून दिली.

त्याच बाबांना तू आता तिथे नेऊन बसवलंयस.

नऊ तारखेच्या आधी ये. गाडीभाडं नाही म्हणू नकोस, पोस्टर बघितलंय मी.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
ताई


२७ ऑक्टोबर

प्रिय भोपू,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. छापील नावाच्या कागदावर, टाइप केलेलं. आईला दाखवलं नाही.

तू लिहितोस, "ताई, लोकांना आधार हवा असतो. मी खोटं बोलत नाही, मी शक्यता मांडतो." अरे वा! आमच्याकडचे डॉक्टर दाढ उपटताना "हलकी कळ येईल" म्हणतात ना, तसला शब्द आहे तुझा हा. आणि पुढे लिहितोस, जादा दिशा नाहीतच असं कोणी सिद्ध केलेलं नाही, त्या अतिशय बारीक गुंडाळलेल्या असू शकतात.

असू शकतात. मला मान्य आहे. पण किती बारीक, ते का लिहिलं नाहीस? तूच सांगायचास की त्या असल्याच तर इतक्या बारीक की अणूलासुद्धा तिथे पाय पसरता येणार नाहीत. मग बाबा कुठे मावतील रे? बसमध्ये दोन सीटा लागायच्या त्यांना. म्हणजे मोठी दिशा म्हणावी तर तिथे जीव टिकत नाही, बारीक म्हणावी तर जीव मावत नाही. हे तुला झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येईल, आणि तू ते त्या रडणाऱ्या बाईपासून लपवून ठेवतोस. याचा मला वीट आलाय.

आईने काल काय विचारलं ऐक. मी तिला त्या उलट्या कॅपची गंमत सांगितली. तिला हसवावं म्हणून म्हटलं, माणूस तिकडून गिरकी मारून आला तर तोही असाच उलटा येईल, काळीज उजवीकडे. तेव्हा तिला तुझं जुनं बोलणं आठवलं. असा उलटा झालेला माणूस भरल्या ताटावरही उपाशी मरेल, कारण त्याच्या अंगातला कण न् कण उलटा, अन्नातला मात्र सुलटा, मग ते पचणार कसं? ती पलंगावर उठून बसली. मग म्हणाली, "म्हणजे ते आले, आणि मी वाढलं, तर त्यांच्या अंगी नाही लागायचं?"

मी भांडी घासायला गेले. हे तू केलंयस.

आणखी एक. मी परवा तुझ्या कार्यक्रमाला आले होते. या गावातल्या, हो. तू घराच्या इतक्या जवळ आलास आणि घरी आला नाहीस. तू मला पाहिलं नाहीस, मी अगदी मागे होते. काय तो सुगंधी फवारा! धुतलेल्या संडासासारखा वास येत होता. एक खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसायला गेले, तर शेजारचे म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "माफ करा, तिथे ही बसलीय." त्यांनी बायकोसाठी तिकीट काढलं होतं. तुझ्या दारावरच्या माणसाने ते फाडूनही दिलं असणार. मी शेवटपर्यंत उभी राहिले.

मग तू विचारलंस, ज्यांचं कोणी बाजूला झालंय त्यांनी हात वर करा. त्याबद्दल मी आत्ता लिहीत नाही.

आई बारीक झालीय. पोट तेवढं दिसतं. ये.

ताई


१६ नोव्हेंबर

भोपू,

आशीर्वाद लिहिताना आज हात अडतोय, पण लिहिते. आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. सर्जनबाई म्हणाल्या, आणखी थोडं थांबला असतात तर आतडं दाबलं जाऊन फार अवघड झालं असतं. आई काल घरी आली. चिडचिड करतेय, म्हणजे बरी होतेय. हे सगळं तुझ्या मदतनिसाने तुला सांगितलं असेलच, मी त्याला फोन केला होता. या वेळी काही तळत नव्हता.

आता जे त्याला सांगितलं नाही ते.

तू आलास. गाडी खाली चालूच ठेवून आलास. मी वाटी आणि गोटी काढून टेबलावर ठेवली होती, म्हटलं, तुला तोंडाने बोलायला जड गेलं तर निदान दाखवशील. तू त्या वाटीकडे पाहिलंस आणि पाण्याचा पेला ठेवायला ती बाजूला सरकवलीस. आई म्हणाली, "सांग." एवढंच. तुझ्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आला आपला भोपू परत. आणि तू तिचा हात हातात घेऊन तोच मधाचा आवाज काढलास. "आई, ऑपरेशन करून घे. तू तिथे एकटी नसशील. बाबा त्या बाजूने तुझा हात धरतील. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय."

बोलणं झालंय!

मला खरोखर उमासा आला. तुला वाटलं असेल मी रडायला आत गेले. मी बेसिनला धरून उभी होते. आयुष्यात मी इतकं घाणेरडं काही ऐकलेलं नाही. स्वतःच्या आईला, तिच्या पलंगावर बसून! बाहेर आले तर आई म्हणत होती, "बरं. करते." तुझा चेहरा असा उजळला! पाया पडलास आणि खाली गाडीत जाऊन बसलास. जमलं, असंच वाटलं असेल तुला.

तू गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. आईला म्हटलं, तुला फसवून सही घेतली त्याने, आणि तू फसलीस. ती उशी नीट करत म्हणाली, "मी कशाला फसतेय? मला का कळत नाही? तिकडे कोणी नाही हे त्या वाटीच्या दिवसापासून मला माहीत आहे."

मी म्हटलं, मग एवढे दिवस हे काय चाललं होतं?

म्हणाली, "त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. बाबांना ऑपरेशनला याने तयार केलं. काही होत नाही म्हणून पाठ थोपटून आत पाठवलं, आणि ते टेबलावरच गेले. तेव्हापासून तो त्यांना ठेवायला जागा शोधतोय. आपण नाही का, पाहुणे आले की घरभर गाद्या घालत फिरतो, तसं. मला वाटलं, माझ्या जिवावर बेतलं म्हणजे तरी बोलेल. नाही जमलं त्याला. तोंड बघितलंस त्याचं? किती वेळ बसवून ठेवायचं पोराला तसं? म्हणून म्हटलं, करते."

म्हणजे तू तिला मनवलं नाहीस. तिला तुझी दया आली. हे तुला कळायलाच हवं, म्हणून लिहितेय. आणि मला तुम्हा दोघांचाही संताप आला, जिवाशी खेळ चालला होता तिचा!

ती शुद्धीवर आली तेव्हा मी शेजारी होते. ओठ कोरडे पडले होते, कापसाने ओले केले. मग म्हणाली, "भोपूला कळव. मी बघून आले."

मला वाटलं, आता ही पण सुरू झाली.

म्हणाली, "तिकडे कोणी नाही. बाजू नाही, हात नाही, ते नाहीत. काहीच नाही. आणि मला भीती नाही वाटली. त्याला सांग, बाबा कुठेही उपाशी बसलेले नाहीत. त्यांचं सगळं झालंय. आता त्याने त्यांना सोडावं." मग पाणी मागितलं. देता येत नव्हतं, तर माझ्यावरच खेकसली.

भोपू, तो हात वर करायचा प्रकार मी मागच्या पत्रात लिहिला नव्हता. मी केला होता. वाटी ठाऊक, गोटी ठाऊक, दुप्पट आणि आठवा भाग ठाऊक, आणि तरी तुझा तो आवाज ऐकून माझा हात आपोआप वर गेला. क्षणभर वाटलं, असतील. शेजारच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू आम्ही एकाच घरातले. मला तुझी जेवढी किळस आली ना, त्यातली बरीचशी त्या हाताची होती. म्हणूनच सांगते, हे बंद कर. मला माहीत असून मी फसत होते, तर ज्यांना माहीत नाही त्यांनी काय करायचं?

माझा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण ये. गाडी बंद करून ये, कपडे घेऊन ये. आई रोज विचारत नाही, पण दाराच्या आवाजाला मान वळवते. वाटी तशीच टेबलावर आहे. काही समजावू नकोस, काही मांडू नकोस. आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघून मोठ्याने म्हण, "बाबा गेले." इतक्या वर्षांत तू हे एकदाही म्हटलेलं नाहीस. आम्ही ऐकायला बसलोय.

लांबी, रुंदी आणि उंची, एवढ्यातच राहणारी,
तुझी ताई